ठिपके गेले, तेव्हा खरं काम सुरू झालं

समुद्री माशांना होणाऱ्या ‘इक’ या रोगात सगळ्यांत जास्त मासे दगावतात ते रोग बरा झाल्यासारखा दिसतो म्हणून. आज माशाच्या अंगावर मिठाचे कण चिकटल्यासारखे पांढरे ठिपके असतात आणि तीन-चार दिवसांनी मासा लख्ख दिसतो. दुकानदार म्हणतात, लसूण लागू पडला. घरातले सुटकेचा श्वास टाकतात. मग आठवड्याभरात तेच ठिपके दसपट होऊन परततात, कल्ल्यांत शिरतात आणि मासा हातचा जातो. आमचा निळोबा या फेऱ्यातून बाहेर आला. तो कसा आला हे मी तपशिलात लिहिते आहे, कारण ज्याच्या घरी हे आत्ता चालू आहे त्याला धीराच्या शब्दांपेक्षा ‘आज रात्री नेमकं काय करू’ हे हवं असतं.

निळोबा म्हणजे पावडर ब्लू टँग. हा आपल्याच हिंदी महासागरातला मासा. लक्षद्वीप, मालदीव, श्रीलंका, अंदमान इथल्या प्रवाळांवर शेवाळ खरवडत तो दिवसभर पोहत असतो. फिकट निळं अंग, काळा चेहरा, गळ्याखाली पांढरा पट्टा, पाठीवर हळदी रंगाचा पर. सर्जनफिशच्या कुळात बहुतेकांना असतो तसा शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना एकेक धारदार काटा. मासा देखणा, पण इकच्या बाबतीत फार हळवा. या कुळातल्या माशांना हा रोग चटकन धरतो आणि त्यातही पावडर ब्लूचा नंबर वरचा लागतो.

ठाण्यात आमच्या दिवाणखान्यात सहा फुटांची टाकी आहे. त्यात निळोबा, क्लाउनफिशची एक जोडी, माशांच्या अंगावरची घाण टिपणारी एक क्लीनर कोळंबी, काही गोगलगायी आणि शंखातले खेकडे. कठीण प्रवाळ नाहीत. ते आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतात, त्यामुळे तो विषयच नाही. मे महिन्यात एका रात्री इमारतीची वीज गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. इन्व्हर्टरवर पंप आणि हवा चालू राहिली, पण पाणी थंड ठेवणारा चिलर इन्व्हर्टरवर चालत नाही. ठाण्याचा मे महिना म्हटल्यावर पाणी ३० अंशांच्या वर चढलं. त्यानंतर दोनच दिवसांत निळोबाने दगडाला अंग घासायला सुरुवात केली.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. उकाड्याने इक होत नाही. ताणाने होत नाही. इकचा परजीवी टाकीत आला असेल तरच इक होतो आणि तो येतो माशासोबत, पाण्यासोबत, दुसऱ्या टाकीतल्या दगडासोबत. कल्ल्यांत दोन-चार परजीवी घेऊन मासा कित्येक महिने ठणठणीत दिसू शकतो. उष्णतेने फक्त त्याची प्रतिकारशक्ती खाली आणली आणि आत दबून असलेला रोग वर आला. हे समजून घेतलं नाही तर माणूस चिलर दुरुस्त करतो, ठिपके जाताना बघतो आणि निवांत होतो.

आधी रोग ओळखायला हवा होता. समुद्री माशांवर पांढरं काहीतरी दिसलं की दोन नावं डोळ्यांसमोर येतात, इक आणि वेल्व्हेट. वेल्व्हेटमध्ये ठिपके मोजता येत नाहीत, अंगावर बारीक सोनेरी भुकटी पसरल्यासारखी दिसते, मासा उजेड टाळतो, पाण्याच्या धारेत तोंड खुपसून राहतो आणि एक-दोन दिवसांत संपतो. तिथे थांबायला वेळच नसतो, थेट औषध लागतं. निळोबाचे ठिपके सुटे सुटे होते, मोजता येण्याजोगे, परांवर जास्त. तरी मला खात्री हवी होती. माझी आतेबहीण वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत शिकली आहे. तिला फोन केला तशी ती संध्याकाळी सूक्ष्मदर्शक घेऊन घरी आली. काचपट्टीच्या कडेने तिने निळोबाच्या अंगावरचा चिकट स्राव अलगद निपटला, त्यावर टाकीतल्याच पाण्याचा थेंब टाकला आणि मला म्हणाली, “ये, बघ.” भिंगाखाली एक गडद, गोलसर गोळा स्वतःभोवती सावकाश गडगडत होता. कडेने बारीक केसांची लव हलत होती. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. १९५१ साली ब्राउन यांनी या जिवाला हे नाव दिलं, आणि तेव्हापासून समुद्री मासे पाळणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी भेटतोच.

“ठिपके मोजत बसू नकोस,” ताई म्हणाली. “घड्याळ बघ. याचं सगळं घड्याळावर चालतं.”

ते घड्याळ असं. परजीवी माशाच्या कातडीखाली शिरून तीन ते सात दिवस खातो, मोठा होतो. आपल्याला दिसतो तो पांढरा ठिपका म्हणजे हाच. पोट भरलं की तो आपणहून माशाला सोडतो, बहुधा रात्रीच्या अंधारात, आणि काही तासांत वाळूला, दगडाला किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती कवच बांधतो. म्हणजे मासा स्वच्छ दिसतो तेव्हा परजीवी मेलेला नसतो, तळाशी गेलेला असतो. कवचात तो विभागत जातो. एकातून दोनशेपर्यंत पिल्लं तयार होऊ शकतात. कवच लवकरात लवकर तीन दिवसांनी फुटतं, पण काही कवचं कितीतरी आठवडे तशीच राहतात. पिल्लं बाहेर पडतात तीही अंधारात, पहाटेच्या आधी, जेव्हा मासे दगडांच्या फटीत, तळाजवळ निजलेले असतात. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर पिल्लू मरतं. टाकी म्हणजे बंदिस्त पाणी, त्यामुळे तिथे त्याला मासा सापडतोच.

उपाय तीन होते. पहिला तांब्याचा. आयनिक तांबं पाण्यात लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढं कित्येक दिवस टिकवायचं. खाली गेलं तर उपयोग नाही, वर गेलं तर माशालाच विष. शिवाय तांबं फक्त पोहत्या पिल्लांना मारतं, कातडीखालच्या किंवा कवचातल्या परजीवीला नाही. मुख्य टाकीत ते घालणं शक्यच नाही, कोळंबी आणि गोगलगायी त्यात मरतात आणि दगड तांबं शोषून घेतात. दुसरा उपाय कमी खाऱ्या पाण्याचा. नेहमीची १.०२५ घनता हळूहळू १.००९ वर आणून तीन-चार आठवडे ठेवायची. तेही वेगळ्या टाकीतच, आणि त्या काळात पाण्याच्या पीएचवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. तिसरा उपाय टाकीबदलीचा, त्यात औषधच नाही. मला तोच पटला. निळोबाने खाणं सोडलं होतं, अशा माशाला आणखी तांबं द्यायचं माझ्या मनाला येईना. ज्यांना दर तीन दिवसांनी पहाटे उठणं जमणार नाही त्यांनी तांब्याचाच रस्ता धरावा, तोही खात्रीचा आहे. फक्त तांबं मोजायचं चांगलं यंत्र हवं, अंदाजाने ओतू नये.

टाकीबदलीमागचं गणित साधं आहे. माशाला एका टाकीत ७२ तासांहून जास्त ठेवायचं नाही. त्या वेळात जे परजीवी त्याच्या अंगावरून गळले, ते त्या टाकीच्या तळाशी कवचात आहेत आणि अजून फुटलेले नाहीत. मासा उचलून पूर्ण नव्या पाण्यात टाकला की ते मागे राहिले. परजीवी माशावर राहतो जास्तीत जास्त आठवडाभर, म्हणून अशा चार बदल्या, म्हणजे १२ दिवस झाले की माशावर काही उरत नाही. अट एकच. जुन्या टाकीतलं काहीही नव्या टाकीत जाता कामा नये. पाणी नाही, जाळी नाही, पाइपचा तुकडा नाही, ओला हातसुद्धा नाही.

मी बाजारातून खाण्याच्या पदार्थांसाठीचे दोन मोठे प्लास्टिकचे टब आणले, प्रत्येकी ६० लिटरचे. क्लाउनफिशच्या जोडीसाठी तशीच दोन लहान टबांची जोडी. त्यांच्या अंगावर एकही ठिपका नव्हता, पण रोग टाकीचा असतो, एकट्या माशाचा नाही. टाकीतले सगळे मासे बाहेर आलेच पाहिजेत. प्रत्येक टबाला स्वतःचा हीटर, स्वतःची हवेची नळी आणि लपायला पांढऱ्या पीव्हीसी पाइपचा रुंद तुकडा. एका संचाला लाल चिकटपट्टी, दुसऱ्याला हिरवी. घरात फरशी पुसायला येणाऱ्या मावशींनाही सांगून ठेवलं की लाल-हिरव्याला हात लावायचा नाही. टब आतल्या खोलीत ठेवले, दिवाणखान्यातल्या टाकीपासून लांब, कारण हवेच्या बुडबुड्यांनी उडणाऱ्या तुषारांतूनही हा जीव दुसऱ्या पाण्यात पोचू शकतो.

आदल्या संध्याकाळी आरओच्या पाण्यात मीठ कालवायचं. ६० लिटरला दोन किलोच्या थोडं वर लागतं. रात्रभर पंपाने ढवळत ठेवायचं, पहाटे रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या भिंगावर, थेंब टाकून घनता १.०२५ आहे ना ते बघायचं, तापमान जुन्या टबाशी जुळवायचं. दोन्ही पाणी एकसारखं असेल तर माशाला सवय करून देण्यात वेळ घालवावा लागत नाही आणि जुनं पाणी मिसळावंही लागत नाही.

राहता राहिला निळोबाला उचलण्याचा प्रश्न. मुख्य टाकीतून काढताना सगळे दगड बाहेर घ्यावे लागले होते. जाळी मी वापरलीच नाही. शेपटीजवळचा तो काटा जाळीच्या धाग्यात अडकतो, मासा तडफडतो, कातडी फाटते, आणि परजीवीने आधीच भोकं पाडलेल्या कातडीवर नवी जखम म्हणजे जंतूंना आवतण. भाज्या धुवायची प्लास्टिकची चाळणी मला सगळ्यांत योग्य वाटली. चाळणी त्याच्या खालून हळूच वर आणायची, पाणी गळून जातं, मासा गुळगुळीत बुडावर आडवा होतो आणि दोन श्वासांत तो शेजारच्या टबात असतो. पहिल्या वेळी त्याने काटा उघडला. चाळणीच्या कडेवर एक बारीक चरा उमटला, तो अजून तिथे आहे. पुढच्या वेळेपासून मी चाळणीवर ओला रुमाल अंथरायला लागले, डोळे झाकले गेले की तो शांत राहायचा. रुमालही दर वेळी वेगळा, हे सांगायला नको.

जुन्या टबाचं पाणी मोरीत. टब, हीटर, नळी, पाइप सगळं ब्लीचच्या पाण्यात भिजवून, स्वच्छ धुऊन गच्चीवर उन्हात. यात वाळवणं सगळ्यांत महत्त्वाचं. कोरडं पडलं की कवच टिकत नाही. मेच्या उन्हात टब तासाभरात कडकडीत व्हायचा. शेवटच्या बदल्यांच्या वेळी मात्र वळवाच्या सरी सुरू झाल्या आणि हवा सर्दावली. तेव्हा टब खोलीत पंख्याखाली ठेवून, पाइपच्या आतून कोरडं फडकं फिरवून, नळीत फुंकर मारून पाणी काढलं. मुंबई-ठाण्याकडे ज्यांना हे करायचं आहे त्यांनी ब्लीचचा टप्पा अजिबात वगळू नये.

या टबांत मुरलेला फिल्टर, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढलेला फिल्टर नसतो, त्यामुळे माशाच्या विष्ठेतून आणि श्वासातून निघणारा अमोनिया साठत जातो. खायला घालावं तर अमोनिया वाढतो, न घालावं तर मासा खंगतो. म्हणून रोज अमोनिया तपासणं, उरलेलं अन्न तासाभरात नळीने ओढून काढणं आणि गरज पडली तर अमोनिया बांधून ठेवणारं द्रव्य घालणं, हे सगळं आलंच.

आता खाण्याबद्दल. माझ्या मते निळोबा वाचला तो टबांइतकाच बाबांमुळे. बाबा म्हणजे माझे सासरे. निवृत्तीनंतर त्यांचा दिवस तसाही टाकीसमोरच्या खुर्चीत जायचा, ती खुर्ची त्यांनी आतल्या खोलीत टबाशेजारी नेली. टँगचं मुख्य अन्न शेवाळ, म्हणून आम्ही सुशीसाठी मिळणारी साधी, बिनमसाल्याची नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचे पातळ कागद, आणतो. पहिल्या टबात निळोबाने नोरीकडे पाहिलंसुद्धा नाही. पोट आत गेलेलं, पाठीची रेघ वर आलेली, कल्ल्यांची उघडझाप इतकी भराभर की बघणाऱ्याला धाप लागावी. दुकानांत सगळे लसणाचा रस सांगतात. आम्ही तोही करून पाहिला. त्याने परजीवी मरतो असं मी कुठेही सिद्ध झालेलं पाहिलेलं नाही, आणि निळोबाने तर लसूण लावलेल्या नोरीला तोंडही लावलं नाही. मग बाबांनी एक गोष्ट बदलली. नोरीची पट्टी क्लिपला लावून वर टांगण्याऐवजी त्यांनी ती पाइपच्या तुकड्यावर रबरबँडने गुंडाळली आणि तळाशी ठेवली. हा मासा समुद्रात टांगलेलं पान खात नाही, दगडाला चिकटलेलं खरवडून खातो.

मी ऑफिसात होते तेव्हा बाबांचा फोन आला. “अगं, त्याने चावा घेतला. एकच घेतला, पण थुंकला नाही.”

बाबांनी कालनिर्णयच्या चौकटीत, जिथे दुधाचे आणि पेपरचे खाडे लिहितात, तिथे ‘१ चावा’ असं लिहिलं. पुढच्या चौकटींत चाव्यांचे आकडे वाढत गेले आणि मग ‘पट्टी संपली’ असं येऊ लागलं. नोरीच्या जोडीला आम्ही कोलंबीही दिली. नेहमीच्या कोळीणमावशींकडून घेतलेली ताजी कोलंबी सोलून, चांगली गोठवून, मग किसणीवर अगदी बारीक करून. त्यावर क जीवनसत्त्वाचे थेंब. थोडं आणि पुष्कळदा, हे धोरण ठेवलं, एकदम मोठा घास कधीच नाही.

मधल्या एका टप्प्यावर ठिपके पूर्ण गेले. अंग स्वच्छ, रंग परतलेला. माझ्या नवऱ्याने विचारलं, “झालं ना आता? सोडायचं का त्याला मोठ्या टाकीत?” त्याचं विचारणं साहजिक होतं. निळोबा त्या टबात चार शेपटा मारल्या की भिंतीला लागत होता. पण कल्ल्यांतले परजीवी डोळ्यांना दिसत नाहीत आणि मोठ्या टाकीच्या वाळूत कवचं पडून होतीच. आम्ही ठरलेल्या सगळ्या बदल्या पुऱ्या केल्या. एका डोळ्यावर त्या काळात ढगाळ सायही आली होती. परजीवी जिथून बाहेर पडतो तिथे जखम राहते आणि तीत जिवाणू शिरतात. ताईने पाहिलं आणि सांगितलं की खाणं चालू आहे आणि पाणी दर तीन दिवसांनी नवं मिळतंय तोवर अँटिबायोटिकला हात लावू नको. साय हळूहळू कडेकडेने विरली.

बदल्या संपल्यावर तिन्ही मासे शंभरेक लिटरच्या वेगळ्या टाकीत गेले. तिचा फिल्टर बाटलीतल्या जिवाणूंवर आधीच मुरवत ठेवला होता. मुख्य टाकीतला स्पंज उचलून तिथे घालायचा मोह होतो, पण मग सगळी मेहनत पाण्यात, कारण त्या स्पंजातही कवचं असतात.

मुख्य टाकी मात्र ७६ दिवस बिनमाशांची ठेवायची होती. टाकीच्या नेहमीच्या तापमानाला कवच फुटायला लागलेला सर्वांत जास्त नोंदवलेला काळ ७२ दिवसांचा आहे, त्यावर चार दिवस सावधगिरीचे. दिवस मोजायचे ते शेवटचा मासा बाहेर पडला तिथपासून. पाणी २६-२७ अंशांवर ठेवायचं, फार थंड केलं तर परजीवीचा वेगच मंदावतो. कोळंबी आणि गोगलगायी आतच राहतात, त्यांच्यावर हा परजीवी जगत नाही. जिवाणूंचा फिल्टर उपाशी राहू नये म्हणून रोज चिमूटभर अन्न टाकायचं. घरी येणारा प्रत्येकजण विचारायचा, एवढी मोठी टाकी रिकामी का? एका शेजाऱ्यांनी तर प्रेमाने दोन डॅमसेल मासे आणून द्यायची तयारी दाखवली. त्यांना मी सोफ्यावर बसवून सगळं घड्याळ समजावून सांगितलं. एक मासा आत गेला असता तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

ती टाकी रिकामी नव्हतीच, हे मला त्या आठवड्यांत कळलं. रात्री दिवे मालवून लाल उजेडाची बॅटरी धरली की दगडांच्या छिद्रांतून चिंगळ्यांसारखे चपटे अँफिपॉड बाहेर यायचे, काचेवर टाचणीच्या टोकाएवढे कोपेपॉड सरसर फिरायचे. मासे असताना ते कधी दिसलेच नव्हते. दगडांवर हिरव्या शेवाळाचा मऊ थर चढला. मी तो मुद्दाम घासला नाही, निळोबासाठी ठेवला.

तिकडे छोट्या टाकीत त्याच्या परांच्या फाटलेल्या कडा भरून येत होत्या. आधी काचेसारखी पारदर्शक कड फुटते, मग तिच्यात रंग उतरतो. पाठीवरच्या पिवळ्या पराला सगळ्यांत जास्त वेळ लागला. पोट गोल झालं आणि क्लाउनफिशच्या मादीशी तो पाइपवरून भांडू लागला, तेव्हा ताई म्हणाली, “आता हा आजारी मासा राहिला नाही.”

नारळी पौर्णिमेच्या सुमारास मुदत भरली. आधी क्लाउनफिश सोडले, त्यांना आपली जागा धरू दिली, मग दिवे मालवून निळोबाला. मोठ्या टाकीत अंधारात सोडलेला टँग कमी बिथरतो. सकाळी दिवे लागले तेव्हा तो शेवाळाच्या थरावर लागलाच होता, बारीक दातांच्या ओळींचे ओरखडे दगडभर दिसत होते. क्लीनर कोळंबी त्याच्या कल्ल्यांपाशी येऊन चाचपणी करून गेली. ती कातडीखालचा इक काढू शकत नाही, पण तो तिच्यासमोर तोंड उघडून थांबला, म्हणजे त्याला पुन्हा घरचं वाटलं असावं.

टब मी माळ्यावर टाकले नाहीत. सध्या लाल चिकटपट्टीच्या टबात लॉनमोअर ब्लेनी नावाची एक नवी मासळी आहे, दुकानातून आणलेली, एकही ठिपका नसलेली. हिरवा टब गॅलरीत वाळतो आहे आणि पुढची बदली उद्या पहाटे आहे.